ब्रह्मगिरीच्या वाटेवरची धर्मशाळा

पौष वद्य एकादशी म्हणजे निवृत्तिनाथांची यात्रा. रब्बीचा गहू-हरभरा रानात उभा असतो, पाण्याची पाळी कोणा भावकीतल्या माणसावर सोपवायची आणि दिंडीबरोबर त्र्यंबकची वाट धरायची, हा आमच्या सिन्नरकडच्या कितीतरी घरांचा नेम आहे. यंदा आमच्याबरोबर आत्या होती. वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे कुरकुरतात, पण नाथांचे दर्शन घेतल्यावर तिने हट्टच धरला, “एवढं आले आहे तर ब्रह्मगिरीच्या पायरीला तरी डोकं टेकवीन. पुन्हा कोण आणतंय मला!”

पायरीला डोके टेकवून आत्या थांबली नाही. एकेक पायरी करीत ती बरीच वर आली. वाटेत जुनी दगडी धर्मशाळा लागते. काळ्या पाषाणाच्या जाड भिंती, आत गारवा. आत्या भिंतीला पाठ टेकून बसली, पदराने तोंड पुसले, भाकरीची गाठोडी सोडली आणि म्हणाली, “किती बरं वाटलं रे बाबा. कोणी बांधलं असंल हे? कोणाच्या आईनं त्याला शिकवलं असंल की दमल्या माणसाला सावली द्यावी म्हणून?”

आम्ही सातआठ जण होतो. दोघे शिक्षक, एक ग्रामसेवक. एकालाही उत्तर देता येईना. वर्षानुवर्षे आम्ही त्या वाटेने जात होतो, तिथे बसून पाणी पीत होतो, आणि हे ऊन कोणी अडवले याची चौकशी कधी कोणी केली नव्हती. मला ते मनाला लागले. घरी आल्यावर मी शोध घ्यायचे ठरवले. त्या शोधात जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो. कारण हा प्रश्न एकट्या त्र्यंबकचा नाही. आपल्या प्रत्येकाच्या गावात अशी एखादी इमारत आहे.

पायऱ्या बोलतात

जुन्या जागेचा इतिहास शोधायचा तर आधी पायाखाली पाहावे. ब्रह्मगिरीची वाट नीट पाहिली तर तिच्यात दोन काळ दिसतात. वरच्या अंगाला कड्याच्या खाचेत ज्या पायऱ्या आहेत त्या कातळातच खोदलेल्या आहेत. त्या किल्ल्याच्या काळातल्या. ब्रह्मगिरी म्हणजेच त्र्यंबकगड. हा गड एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांपुढे पडला आणि पेशव्यांच्या हातून गेला. खालच्या अंगाच्या पायऱ्या मात्र घडीव दगड आणून, एकावर एक बसवून बांधलेल्या आहेत. त्या गडासाठी नव्हेत, भाविकांसाठी आहेत. गडाला चढायला सोपी वाट कोण करील? गडाची वाट अवघडच असायला हवी.

या बांधीव पायऱ्यांची हकिगत लेखी मिळते. १९०८ साली कराचीचे शेठ लालचंद जसोदानंद भांभानी आणि शेठ गणेशदास यांनी ४०,००० रुपये खर्चून ५०० पायऱ्या बांधवल्या. शेजारच्या गंगाद्वाराच्या ७५० पायऱ्याही त्याच सुमाराच्या. त्यांचे काम शेठ करमसी हंसराज यांनी १९०७ ते १९१८ अशी अकरा वर्षे चालवले. पायऱ्या आणि वाटेवरचा निवारा ही एकाच विचाराची दोन अंगे. चढणाऱ्याला पाय टेकायला जागा द्यावी आणि दमला तर पाठ टेकायला.

कराची हे नाव वाचून मी थबकलो. कुठे कराची आणि कुठे त्र्यंबक! पण १९०८ मध्ये ही दोन्ही गावे एकाच राज्यात होती. सिंध प्रांत तेव्हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. तो वेगळा झाला १९३६ मध्ये. कराचीहून आगबोटीने मुंबईला यायचे, तिथून रेल्वेने नाशिक, आणि पुढे बैलगाडीने त्र्यंबक. थळ घाटातून रेल्वे १८६५ मध्ये सुरू झाली होती, त्यामुळे दूरदूरचे यात्रेकरू इकडे येऊ लागले होते. त्या काळी कराची हे पंजाबातल्या गव्हाचे मोठे बंदर होते. कालव्यांच्या पाण्यावर पिकलेला गहू तिथून बोटीत भरून परदेशी जाई आणि त्या व्यापारावर सारे शहर वाढत होते.

चाळीस हजार म्हणजे किती?

आज चाळीस हजार रुपयांत एक बरी दुभती म्हैस येणेही कठीण. तेव्हाचा हिशेब सोन्यात करून पाहू. त्या काळी १५ रुपयांना सोन्याची एक गिनी असा सरकारी दरच होता. म्हणजे ४०,००० रुपयांच्या २,६६६ गिन्या झाल्या. एका गिनीत सव्वासात ग्रॅमहून थोडे जास्त शुद्ध सोने असते. सगळे मिळून सुमारे साडेएकोणीस किलो सोने! आणि ५०० पायऱ्यांनी भागले तर दर पायरीला ८० रुपये, म्हणजे पाच गिन्यांहून अधिक. आत्याला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “म्हंजी पायरीपायरीवर सोन्याचा डाग पुरलाय म्हणायचा.”

पण पैसा एवढाच हिशेब नव्हे. तो दगड कोणी फोडला? पहार, घण आणि छिन्नी घेऊन पाथरवट-वडारांनी. एक चिरा चौकोनी घडवायला माणसाचा दिवस जाई. अशा जुन्या दगडी कामांत चिरे जोडायला चुना वापरीत. चुनखडी भट्टीत भाजायची, पाणी घालून विरवायची, मग वाळू आणि विटांची सुर्खी मिसळून गोल घाणीत दळायची. ही घाणी बैल ओढीत. दगडाचे चाक घाणीतून तासन्‌तास फिरे तेव्हा चुना लोण्यासारखा होई. त्यात कुठे गुळाचे पाणी, कुठे बेलफळाचा गर, कुठे हिरड्याचा काढा घालीत. म्हणजे जुन्या देवळांत, वाड्यांत आणि धर्मशाळांत शेठजींचा पैसा असेल, पण घाम कारागिरांचा आणि आपल्या बैलांचा आहे. त्यांची नावे कोणी दगडावर कोरली नाहीत.

१९०८ च का?

यात एक गंमत सापडली. सिंहस्थ केव्हा असतो हे आपण जाणतो. गुरू सिंह राशीत आला की गोदावरीला सिंहस्थ. गुरूला आकाशात एक फेरी करायला बारा वर्षांना थोडी कमी, म्हणजे अकरा वर्षे आणि सव्वादहा महिने लागतात. त्यामुळे सात फेऱ्या चौऱ्याऐंशीऐवजी त्र्याऐंशी वर्षांतच पुऱ्या होतात. आपल्या आठवणीतला १९९१-९२ चा सिंहस्थ घ्या आणि त्यातून ८३ वजा करा. उत्तर येते १९०८-०९. पायऱ्या बांधल्या गेल्या त्याच वर्षी गुरू सिंहेत आला होता. गर्दीच्या वर्षासाठी वाट तयार करावी असा विचार त्यामागे असावा, असे मला वाटते. आजही सिंहस्थ जवळ आला की रस्ते, घाट, पूल यांची लगबग होतेच ना? २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी तीच लगबग नाशिक-त्र्यंबकात दिसते आहे.

हॉटेल नव्हते तेव्हा

त्र्यंबकचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतले. १७५५ ते १७८६ असे एकतीस वर्षे ते काम चालले. कुशावर्ताचे बांधीव कुंड त्याआधीचे, १७५० चे, रावजीसाहेब पारनेरकरांचे. लोक तर त्याच्याही आधीपासून येत होते. मग ते उतरत कुठे?

उत्तर सोपे आहे. आपापल्या तीर्थोपाध्यायाच्या वाड्यात. गावानुसार, घराण्यानुसार उपाध्ये ठरलेले. तुमचे गाव आणि आडनाव सांगितले की कोणीतरी तुम्हाला बरोबर त्या दारात नेऊन सोडणार. ओसरीवर पथारी, अंगणात चूल, गोठ्यात बैल. यात्रेकरू आपला शिधा आपल्याबरोबर आणीत. जाताना दक्षिणा देत आणि उपाध्ये आपल्या वहीत नोंद करून घेत. कोण आले, कोणत्या गावचे, बाप कोण, आजा कोण, बरोबर कोण आणि कोणत्या कार्यासाठी आले.

ती वही हाच त्र्यंबकचा खरा दस्तऐवज. आत्याच्या प्रश्नाने मी इतका पछाडलो होतो की एकादशी झाल्यावर पंधरा दिवसांनी तिला घेऊन पुन्हा त्र्यंबकला गेलो. आमच्या गावचे उपाध्ये कोणत्या घरचे ते विचारत विचारत पोहोचलो. गुरुजी वयस्कर. त्यांनी गाव विचारले, आडनाव विचारले, आणि लाल कापडात बांधलेली लांबट वही काढली. पाने पिवळी, अक्षर मोडी.

गुरुजी बोट फिरवीत एका ठिकाणी थांबले. “शके १८४२, रौद्रनाम संवत्सर,” त्यांनी वाचले. आत्याच्या आजोबांचे नाव निघाले. ते त्या वर्षी सिंहस्थाला आले होते. शके १८४२ म्हणजे इसवी सन १९२०. त्यांच्याबरोबर दोन चुलतभाऊ, आणि पुढे लिहिले होते, मातोश्री अमुक. ते नाव आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. वंशावळीत सारे पुरुष होते. आत्याच्या पणजीचे नाव कोणी लिहून ठेवले नव्हते, ते शंभर वर्षांनी या परक्या वहीत भेटले.

आत्या कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग तिने गुरुजींना विचारले, “ती पण चढली असंल का हो, त्या पायऱ्या?”

गुरुजी म्हणाले, “आत्याबाई, वहीत ते नाही. पण पायऱ्या बांधून तेव्हा बारा वर्षं झाली होती. आलेला माणूस सहसा तसा परत जात नाही.”

ओसरी कोणाला मिळत नव्हती

जुन्या काळाचे कौतुक करताना एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. ती ओसरी सगळ्यांना मिळत नव्हती. धर्मशाळाही बहुतेक जातीजातीच्या. ज्यांना अस्पृश्य मानले जाई त्यांना तीर्थक्षेत्रात झाडाखाली, नदीकाठी, उघड्या रानात रात्र काढावी लागे. देवळाच्या दारातच अडवले जाई तिथे ओसरीचे काय! याच जिल्ह्यात, नाशिकच्या काळाराम मंदिरात जाता यावे म्हणून २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढे काही वर्षे चालला.

हे दुःख गाडगे महाराजांनी डोळ्यांनी पाहिले. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेला हा माणूस. हातात खराटा, डोक्यावर गाडगे. गावे झाडली, कीर्तने केली, आणि लोकांनी दिलेल्या पैशांतून जागोजाग धर्मशाळा उभ्या केल्या. नाशिकला केली, आळंदीला केली, पंढरपूरला केली, मुंबईला केली. पंढरपूरला चोखामेळ्याच्या नावाने खास धर्मशाळा बांधली, कारण तिथे चोखोबाच्या वारसांना आसरा नव्हता. १९४९ मध्ये त्यांनी ती इमारत डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, मुलांच्या शिक्षणाच्या कामी यावी म्हणून. एवढ्या इमारती उठवल्या, पण १९५६ मध्ये देह ठेवीपर्यंत बाबा एकाही इमारतीचे धनी झाले नाहीत.

कराचीच्या शेठजींचे दान आणि गाडगेबाबांचे दान यांत मोठा फरक आहे. शेठजींनी स्वतःच्या तिजोरीतून दिले, बाबांनी गरिबाच्या दोन पैशांतून उभे केले. पण दोघांनाही एक गोष्ट कळली होती. घर सोडून निघालेल्या माणसाला रात्रीपुरते छप्पर मिळणे ही चैन नव्हे, गरज आहे.

हवापालटाची सॅनिटोरियमे

नाशिक जिल्ह्यात उतरण्याच्या जागांचा आणखी एक प्रकार आहे. देवळाली कॅम्पाकडे गेलात तर जुनी बैठी घरे, मोठी आवारे, पुढे पडव्या आणि फाटकावर ‘सॅनिटोरियम’ अशी पाटी दिसेल. खेड्यातल्या माणसाला वाटते की हे क्षयाचे दवाखाने. तसे नाही. मुंबईतल्या पारशी, गुजराती, बोहरी मंडळींनी आपापल्या समाजातल्या लोकांना हवापालटासाठी ही घरे बांधली. आजारातून उठलेला माणूस, बाळंतीण, म्हातारी माणसे यांना थोड्या भाड्यात महिनाभर कोरड्या, मोकळ्या हवेत राहता यावे ही कल्पना.

खरी क्षयाची सॅनिटोरियमे वेगळी. आपल्या राज्यात पाचगणीला डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये सुरू केलेले ‘बेल एअर’ हे त्यातले नावाजलेले. क्षयावर औषध नव्हते तेव्हा स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस अन्न हाच उपाय होता. १९४० नंतरच्या दशकात स्ट्रेप्टोमायसीन आले, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले, आणि पुढे मद्रासमध्ये केलेल्या पाहणीत १९५९ साली असे दिसले की नियमाने औषध घेतले तर घरी राहणारा रोगीही सॅनिटोरियममधल्या रोग्याइतकाच बरा होतो. मग अशा इमारतींचे मूळ कामच संपले. काही मोडल्या. काहींनी नवे काम धरले. बेल एअरने तसेच केले. पुढे तिथे एड्सच्या रोग्यांची सेवा सुरू झाली. ज्यांना कोणी जवळ करीत नव्हते त्यांना पुन्हा त्याच इमारतीने आसरा दिला.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. काम संपले म्हणून इमारत मरत नाही. तिला नवे काम देणारे कोणी उरले नाही म्हणजे मरते.

धर्मशाळा ओस का पडतात?

त्र्यंबकमध्ये आज लॉज आहेत, हॉटेले आहेत, संस्थानांची भक्तनिवास आहेत. मोटारी आल्या, सकाळी निघून संध्याकाळी घरी पोहोचता येते. मुक्काम करणारे कमी झाले. त्यात काही वाईट नाही. पण जुन्या धर्मशाळांचे हाल कशाने होतात ते पाहायला हवे.

पहिले कारण, वारस दूर गेले. कराचीचेच पाहा. १९४७ च्या फाळणीत तिथली हिंदू कुटुंबे घरदार सोडून निघाली. ज्यांची स्वतःचीच घरे गेली त्यांनी दूरच्या तीर्थातल्या दगडांची देखभाल कशी करावी?

दुसरे कारण, पाऊस. त्र्यंबकचा पाऊस आपल्याला ठाऊक आहे. कौल सरकले, वासा कुजला, भिंतीच्या माथ्यातून पाणी आत शिरले की पाच पावसाळ्यांत शंभर वर्षांची भिंत फुगते. त्यावर कोणी भल्या हेतूने सिमेंटचा गिलावा मारतो. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडतेही. सिमेंटने ती ओल आत कोंडते आणि चिरे सुटतात. डागडुजी करायची तर चुन्यानेच करावी.

तिसरे कारण सर्वांत वाईट. ही जागा कोणाची, हे कोणालाच सांगता येत नाही. ज्याचा धनी ठाऊक नाही त्याचा धनी व्हायला दहा जण तयार असतात.

हे मी अनुभवाने सांगतो. आमच्या गावात वेशीजवळ एक धर्मशाळा होती. दोन खण आणि पुढे पडवी. आम्ही लहानपणी तिथे विटीदांडू खेळलो, पालवाले, भराडी, वासुदेव तिथे उतरत. पुढे कोणी तिथे कडबा टाकला, मग पत्रे ठोकले, मग कुलूप लावले. कोणी विचारले नाही, कारण विचारायला आधार नव्हता. आज तिथे दुकान आहे. आम्ही जागे झालो तेव्हा उशीर झाला होता.

आपल्या गावात शोध कसा घ्यावा

म्हणून वाचकहो, आपल्या गावात अशी इमारत असेल तर पुढील गोष्टी जरूर करा. यात पैसा फार लागत नाही, चिकाटी लागते.

आधी दगड वाचा. दाराच्या कपाळपट्टीवर, पहिल्या पायरीवर, विहिरीच्या तोंडाशी लेख असतो. त्यावर चुन्याचे किंवा शेंदराचे थर असतील तर मऊ ब्रशने व पाण्याने हळू धुवा, छिन्नी लावू नका. शके असेल तर त्यात ७८ मिळवा, म्हणजे इसवी सन येतो. विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा, कधी ५६. शके १८३० म्हणजे १९०८. संवत्सराचे नाव असेल तर पडताळा होतो. शके १८३० चा संवत्सर कीलक. तोच पुन्हा साठ वर्षांनी, १९६८ मध्ये आला.

मग म्हाताऱ्या माणसांना विचारा. बायकांना आवर्जून विचारा. कोणत्या सणाला तिथे दिवा लागे, अन्नदान कोण करी, झाडलोट कोणाकडे होती, हे त्यांनाच आठवते. लगेच वहीत लिहून घ्या.

मग कागद. १८८३ चे नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियर आणि १९७५ ची नवी आवृत्ती मोठ्या वाचनालयात पाहायला मिळते. ग्रामपंचायतीचा नमुना आठ पाहा, त्यात इमारत कोणाच्या नावे लागली आहे ते कळते. शहरात नगर भूमापनाची मिळकत पत्रिका असते. कागद मोडीत असेल तर घाबरू नका, मोडी वाचणारे आजही आहेत आणि शिकवणारे वर्गही चालतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी गावोगावची जुनी दप्तरे उघडली गेली तेव्हा एका मोडी ओळीला किती किंमत असते ते सर्वांनी पाहिले आहे.

त्यानंतर धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मशाळेचा न्यास नोंदलेला असेल तर परिशिष्ट एकमध्ये त्याच्या मिळकतीची यादी असते. तिची नक्कल अर्ज करून मिळते. ध्यानात ठेवा, अशी नोंदलेली जागा विश्वस्तांनासुद्धा धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवाचून विकता येत नाही. कायद्याचे कलम ३६ तसे सांगते.

आणि एक घाईची गोष्ट. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोन उडवून गावठाणांची मोजणी झाली आणि घरांच्या मिळकत पत्रिका तयार होऊ लागल्या. घरे ज्याची त्याने सांभाळली. पण धर्मशाळा, चावडी, पार, बारव यांच्यापुढे कोणाचे नाव लागले ते आपण पाहिले का? ग्रामसभेत विचारा. चूक असेल तर हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. एकदा कागदावर बसलेले नाव पुढे उठवायला पिढी जाते.

शेवटची पायरी

शोध बराच झाला तेव्हा मी आत्याला सारे सांगितले. कराची, दोन शेठजी, चाळीस हजार, बैलाची घाणी, गुरूच्या फेऱ्या, गाडगेबाबा. ती चुलीपुढे बसून ऐकत होती. मग म्हणाली, “त्यांना काय ठाऊक, सिन्नरकडची कोणी म्हातारी तिथं बसंल म्हणून. तरी बांधलं ना?”

दोन दिवसांनी तिने धाकट्या नातीला जवळ बसवले आणि शाळेच्या वहीत घरातल्या सगळ्या बायकांची नावे लिहून घेतली. सासू, आजेसासू, आई, आजी, आणि त्र्यंबकच्या वहीतून आलेली ती पणजी. प्रत्येकीपुढे माहेरचे गाव.

नातीने विचारले, “आजी, हे कशाला?”

आत्या म्हणाली, “उद्या तुला कोणी विचारलं तर गप बसू नको म्हणून.”